छोटं कुत्रं घरी आणण्याआधी

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल, तर जरा भिंतीला टेकून बसा. आज कर्जफेड नाही, व्याज नाही, बँकेचा फॉर्म नाही. आज मला कुत्र्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका. हा विषय आपल्या गटाच्या बैठकीतूनच आला आहे, आणि त्यात गटाचे वीस हजार रुपये अडकता अडकता राहिले आहेत.

झालं असं, की आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने अंतर्गत कर्जासाठी अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, 'पॉमेरियन कुत्र्याची जोडी घेणे व पिल्ले विकणे.' तिच्या मुलाने मोबाईलवर बघितलं होतं, की एक पिल्लू आठ-दहा हजाराला जातं. वर्षातून दोनदा पिल्लं, एका वेळी चार-पाच, म्हणजे लाखाच्या घरात पैसा. वही-पेन घेऊन हिशेब मांडून आणला होता पोराने. बैठकीत दोन तट पडले. एक आजी म्हणाल्या, "कुत्र्याला कर्ज? उद्या मांजराला मागाल." दुसरी म्हणाली, "शेळीला देतो, कोंबडीला देतो, मग कुत्र्याने काय घोडं मारलंय?" प्रश्न अगदी रास्त होता. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या आणि मला मात्र बोलता येईना.

बोलता येईना, कारण माझ्या घरात तसंच एक छोटं कुत्रं होतं. आता नाही. मी एक महिन्याची मुदत मागून घेतली, तालुक्याच्या पशुवैद्यक डॉक्टरांकडे दोनदा जाऊन बसले, माझी जुनी खर्चाची वही काढली, आणि पुढच्या बैठकीत जे बोलले तेच आज तुम्हाला सांगते.

आमच्या कुत्रीचं नाव कोको. सासूबाई तिला 'कोके' म्हणायच्या. जात शित्झू. लांब रेशमी केस, चपटं नाक, बटणासारखे मोठे डोळे. ही जात मूळ तिबेट आणि चीनकडची, राजवाड्यात मांडीवर बसायला वाढवलेली. माझ्या धाकट्या दिरांनी पुण्यात मुलांच्या हट्टासाठी घेतली. दोन महिन्यांची असताना आणली आणि तीन आठवड्यांत सगळ्यांची हौस फिटली. रात्री रडते, घरभर घाण करते, जाऊबाई नोकरीला, मुलं शाळेत, खालचे भाडेकरू तक्रार करतात. २०२२ च्या दिवाळीला गाडीतून गावाकडे आली. दीर म्हणाले, "वहिनी, थोडे दिवस सांभाळा. गावाकडे मोकळी हवा आहे, तिलाही बरं वाटेल." ते थोडे दिवस दीड वर्षाचे झाले.

मैत्रिणींनो, ही गोष्ट एकट्या माझी नाही. तुमच्या ओळखीत बघा. शहरात घेतलेली किती तरी छोटी कुत्री शेवटी गावच्या घरी येतात, आणि आली की कोणाच्या वाट्याला येतात? पुरुष माणूस संध्याकाळी दोन मिनिटं खेळवतो, मुलं फोटो काढतात. सकाळची घाण, केस विंचरणं, डोळे पुसणं, दवाखाना हे सगळं घरातल्या बाईकडे. म्हणून कुत्रं आणायचं ठरत असेल तेव्हा सगळ्यात आधी एक प्रश्न घरात सगळ्यांसमोर मोठ्याने विचारा: हिचं रोजचं कोण करणार? 'आपण सगळे मिळून करू' हे उत्तर घेऊ नका. नाव घ्या. आणि किती वर्षं तेही सांगा. छोट्या जातीची कुत्री नीट सांभाळली तर बारा ते पंधरा वर्षं जगतात. आज पाचवीत असलेलं लेकरू कॉलेज संपवून बाहेर पडेल, तोवर ते कुत्रं घरात असणार.

आता आपल्या भागात दिसणाऱ्या जाती सांगते, कारण नावांचा फार घोळ आहे. 'हम आपके हैं कौन' हा सिनेमा १९९४ चा, त्यातला पांढराशुभ्र टफी आठवतो ना? त्याला आपण सर्रास पॉमेरियन म्हणतो. पण तो इंडियन स्पिट्झ. आपल्याकडे पॉमेरियन म्हणून जी कुत्री विकतात त्यातली बहुतेक हीच असतात. खरा पॉमेरियन फार लहान, दोन ते साडेतीन किलोचा. साखरेच्या दोन-तीन पुड्या उचलल्या तेवढं वजन. त्याचं नाव बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया या थंड मुलखावरून पडलं. स्पिट्झ त्याहून थोराड असतो आणि आपल्या हवेत बराच टिकतो. त्यामुळे पॉमेरियन सांगून स्पिट्झ गळ्यात मारला तर कुत्र्याच्या दृष्टीने वाईट नाही, फक्त पैसे पॉमेरियनचे देऊ नका. दुसरा पग, मोबाईलच्या जाहिरातीतला, सुरकुतलेल्या काळ्या तोंडाचा. तिसरी आमच्या कोकोची जात. आणि 'टी-कप' किंवा 'मिनी' असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा, तशी जात नाही. तो विकणाऱ्याने लावलेला शब्द आहे. कळपातलं सगळ्यात खुरटं पिल्लू त्या नावाने जास्त पैशाला विकतात, आणि खुरटं पिल्लू म्हणजे आजारी पडणारं पिल्लू, हे शेळ्या पाळणाऱ्या बाईला मी काय सांगू.

आता उन्हाचं सांगते. आमचा सोलापूर जिल्हा. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या तळव्यांना थोडा येतो तेवढाच. ते जीभ बाहेर काढून धापा टाकतं, त्या हवेने अंग थंड करतं. पण ज्याचं नाकच चपटं आहे, आत हवा जायला वाट अरुंद आहे, ते धापा टाकून टाकून थकतं आणि उलट जास्त तापतं. पग आणि शित्झूचं हेच होतं. कोको रात्री घोरायची, आम्ही हसायचो, मुलगी तिचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करायची. तो घोरण्याचा आवाज म्हणजे हवेची वाट अरुंद असल्याची खूण होती, हे मला नंतर कळलं.

२०२४ चा मे महिना. बँकेत गटांच्या कर्जाची बैठक होती, मी सकाळी नऊला निघाले. मिस्टर शेतावर, मुलगी मामाकडे, सासूबाई कीर्तनाला. कोकोला पुढच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं, पंखा लावला, पाणी ठेवलं, दार ओढून घेतलं. बाहेर सोडली तर गल्लीतली कुत्री फाडतील ही भीती. साडेअकराला लाईट गेली. मी पावणेदोनला आले. पत्र्याखाली भट्टी झाली होती. पाण्याचं भांडं उपडं पडलेलं. कोको आडवी पडलेली, जीभ जांभळट, तोंडातून चिकट लाळ, डोळे उघडे पण ओळख नाही. मी ओला टॉवेल तिच्याभोवती घट्ट गुंडाळला, पिशवीत घातली आणि शेजारच्या पोराच्या गाडीवर तालुक्याला निघाले. अठरा किलोमीटर. ओढ्याच्या पुलापाशी ती गेली.

डॉक्टर रागावले नाहीत. पण मी विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं. म्हणाले, "ताई, गाडी काढायच्या आधी तिथेच पाणी ओतायचं होतं. आधी गार करायचं, मग निघायचं." तर ऐका आणि घरातल्या मुलांनाही सांगा. कुत्रं उन्हाने पडलं तर सावलीत घ्या. नळाचं किंवा माठातलं पाणी पोटावर, काखेत, जांघेत, पायांवर भरपूर ओता आणि पंख्याने किंवा सुपाने वारा घाला. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, त्याने आतली गरमी आतच कोंडते. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासात जातं. धापा कमी झाल्या की मग दवाखाना गाठा, आणि वाटेतही वारा लागू द्या. बरं वाटलं म्हणून दवाखाना टाळू नका, आतून इजा झालेली असते.

हे मला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर, असं मी पुष्कळ दिवस म्हणत होते. खरं म्हणजे विचारलं असतं तर सांगितलं असतं. शेळी घेताना आपण चार जणींना विचारतो, दात बघतो, कास बघतो. कोकोच्या बाबतीत मी कोणालाच काही विचारलं नाही. मांडीवरचं कुत्रं, त्यात काय विचारायचं, असं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. पॉमेरियन आणि स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. उन्हाळा आला म्हणून वस्तऱ्याने त्यांचं गोटा करू नका. ते केस उन्हापासूनही आडोसा करतात, आणि एकदा मुळापासून काढले तर पुन्हा तसे नीट येतीलच असं नाही. विंचरून जुने केस काढायचे. शित्झूचे मात्र बारीक कापले तरी चालतात, कापलेलेच बरे. रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो, गुंत्याखाली कातडी ओली राहते, फोड येतात. ओला गुंता कात्रीने कापताना एकदा माझ्याकडून कोकोच्या कातडीला लागलं होतं, अजून आठवतं.

आता पैसे. वही समोर आहे, वाचून दाखवते. कुत्री दिरांनी घेतली, तिचे पैसे यात धरलेले नाहीत. पहिलं वर्ष. खाणं महिन्याला नऊशे, म्हणजे वर्षाचे दहा हजार आठशे. राहिलेल्या दोन लसी, डॉक्टरांच्या फीसकट प्रत्येकी नऊशे, अठराशे. रेबीजची लस दोनदा, सहाशे. जंताचं औषध आणि गोचिडाचे थेंब, चौदाशे. केस कापायला सोलापूरला तीनदा, प्रत्येक वेळी सातशे, एकवीसशे. तालुक्याला जाण्या-येण्याच्या आठ खेपा, नऊशे साठ. बेरीज सतरा हजार सहाशे साठ. यात आजारपण एकही नाही. तुमचा आकडा कमी-जास्त येईल, पण वही घालून बघा. महिन्याला जवळजवळ दीड हजार. आपल्या गटातल्या किती जणींची महिन्याची बचत तेवढी आहे?

खाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण आपला जीव तिथेच अडतो. ताटातलं उरलेलं घालायची आपल्याला सवय. पण आपल्या प्रत्येक कालवणात कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. मोठ्या कुत्र्याला एखादे वेळी पचून जाईल, तीन किलोच्या जिवाला जड जातं. द्राक्षं आणि बेदाणे तर अजिबात नाही, मूत्रपिंडं जातात. आपल्याकडे द्राक्षाचा बाग आणि बेदाण्याचे शेड असलेल्या बायकांनी हे खास लक्षात ठेवावं, कारण खाली पडलेले मणी वेचायला कुत्रं जातंच. चॉकलेटही नको. शिजवलेल्या कोंबडीचं हाड नको, त्याची कुसळं होतात आणि आतडं फाडतात. दुधाने पुष्कळ कुत्र्यांना हगवण लागते. बिनमसाल्याचा भात, उकडलेलं अंडं, हाडाविना चिकन, भोपळा, गाजर हे चालतं. आणि माप लहान ठेवा. पाच किलोचं कुत्रं आणि पन्नास किलोची बाई. वजनाच्या हिशेबाने त्याने एक पोळी खाल्ली म्हणजे तुम्ही दहा खाल्ल्या. चहात बुडवलेली बिस्किटं घालून घालून सासूबाईंनी कोकोला इतकी फुगवली होती, की तिला उंबरा चढवेना. लठ्ठ कुत्र्याला ऊन आणखी लागतं.

औषधांचा एक धोका फक्त आपल्या शेतकरी घरांतच असतो. गाई-म्हशींच्या गोचिडावर मारायचं औषध कपाटात असतं. तेच बादलीत कालवून छोट्या कुत्र्याला चोपडतात. करू नका. ते चाटलं की थरथर कापत पडतं, जीवही जातो. तसंच आपलं डोकं दुखतं ती गोळी, ताप येतो ती गोळी कुत्र्याला देऊ नका. फवारणीचे रिकामे डबे, उंदराची गोळी, युरियाचं पाणी हे सगळं त्याच्या नाकाच्या उंचीवर असतं. मोठं कुत्रं हुंगून पुढे जातं, पिल्लू आधी खातं मग हुंगतं.

छोटं कुत्रं चालतानाही छोटंच असतं, पायात येतं. मुलांच्या हातून निसटून पडलं तर पाय मोडतो. म्हणून लहान मुलाने उभ्याने उचलायचं नाही, खाली बसून मांडीवर घ्यायचं, हा नियमच करा. गळ्याला पट्टा बांधून ओढू नका, श्वासनळी नाजूक असते. छातीभोवती बांधायचा पट्टा मिळतो, तो घ्या. पग-शित्झूचे डोळे पुढे आलेले असतात. मांजराचा पंजा, भांडण, काटा, काहीही लागतं. डोळा लाल झाला की उद्यावर ढकलू नका. आणि ऊसपट्ट्यातल्या बायकांनो, जुन्नर-संगमनेरकडच्या बहिणींना विचारा, बिबट्या कुत्र्यासाठी अंगणापर्यंत येतो. रात्री आत घ्यायला जागा नसेल तर असं कुत्रं आणूच नका.

लस हा विषय मी बारीक आवाजात सांगणार नाही. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, चार महिन्यांचं होईपर्यंत. तोपर्यंत त्याला बाहेरच्या कुत्र्यांत सोडायचं नाही, कारण पार्वो. उलट्या, आणि मग रक्ताची घाण वास मारणारी हगवण. पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. हा विषाणू मातीत आणि फरशीत कित्येक महिने राहतो. म्हणून घरात पार्वोने पिल्लू गेलं असेल तर मुलं रडतात म्हणून लगेच दुसरं आणू नका, तेही जाईल.

रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. "आमचं घरातच असतं, चावत नाही" असं म्हणून टाळतात. मांडीवरच्या कुत्र्यालाही पिसाळलेलं कुत्रं चावू शकतं. आणि तुम्हाला कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, ओरखडा आला, पिल्लाचा का असेना, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, मांत्रिक तर नाहीच. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, तिथे लस मोफत असते, आणि दिलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे. दोन सुया घेऊन बरं वाटलं म्हणून थांबायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की उपाय उरत नाही.

आता परत त्या अर्जाकडे येऊ. जोडी आणायची आणि पिल्लं विकायची. पोराच्या हिशेबात चार-पाच पिल्लं होती. छोट्या जातीची कुत्री बहुतेक वेळा एक ते तीन देते. गाभण राहिल्यापासून साधारण त्रेसष्ट दिवस. आईचं कंबरेचं हाड अरुंद आणि चपट्या जातीत पिल्लाचं डोकं मोठं, त्यामुळे अडतं, आणि मग पोट उघडून काढावं लागतं. रात्री दोनला अडली तर आपल्या गावात कोण करणार? शेळी अडली तर हात घालणाऱ्या दोन म्हाताऱ्या आहेत आपल्याकडे. कुत्रीला अर्धा-पाऊण तास जोराच्या कळा येऊन पिल्लू बाहेर आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट पाणी गेलं, तर घरी थांबायचं नाही, एवढं त्यातलं लक्षात ठेवा. आणि आणखी एक, बायकांत बोलतोय म्हणून स्पष्ट सांगते. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, जवळजवळ तीन आठवडे. तेवढे दिवस गावातली सगळी कुत्री तुमच्या दारात. मोठ्या कुत्र्यापासून गाभण राहिली तर छोट्या कुत्रीच्या जिवावर बेततं. पिल्लं नको असतील तर डॉक्टरांना विचारून वेळीच ऑपरेशन करून घ्यावं.

शिवाय कायदा आहे. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले. विकण्यासाठी पिल्लं काढायची तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आतली कुत्री लावता येत नाही, आणि वर्षातून दोनदा तर नाहीच. म्हणजे पोराच्या हिशेबातला अर्धा भाग तिथेच गळला. विकत घेणाऱ्यांनीही हे धरून ठेवा: आठवडे बाजारात टोपलीत डोळे मिचकावणारं पिल्लू दिसलं तर आई कुठे आहे ते विचारा. आई दाखवत नसेल तर घेऊ नका. लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांचा सही-शिक्का बघा. पेनाने नुसती तारीख लिहिलेली असेल तर लस टोचलीच नाही असं समजा. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं म्हणजे गुटगुटीत नव्हे, जंत आहेत.

आणि विकणार कोणाला? शेळीचा बाजार दर आठवड्याला भरतो. बोकडाला बकरी ईदला भाव असतो. शेळीचा विमा निघतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं आणि गेलं नाही, की भाव पडतो, आणि खाणं मात्र चालूच. ते कापूनही खाता येत नाही, असं त्या आजी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, पण मुद्दा चुकीचा नव्हता.

मी बैठकीत माझं मत स्पष्ट सांगितलं: गटाच्या पैशातून नको. जिने अर्ज दिला होता तिला वाईट वाटलं, मला दिसत होतं. ती म्हणाली, "ताई, तुमची गेली म्हणून तुम्ही आम्हाला घाबरवता." मी म्हणाले, असेलही. पण वही खोटी नाही आणि कायदाही माझा नाही. मतदान झालं. कुत्र्याच्या धंद्याला कर्ज नाही असं ठरलं आणि तसा ठराव लिहिला. तिने मग शेळीसाठी अर्ज केला, तो मंजूर झाला.

यातली मजेची गोष्ट पुढेच आहे. दिवाळीनंतर तिच्या भावाच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची बदली झाली. त्यांचा सहा वर्षांचा स्पिट्झ नेता येत नव्हता. तिने मला फोन केला, "बघायला चला." आम्ही दोघी गेलो. कार्ड बघितलं, लसी पूर्ण. दात बघितले, मागे थोडं किटण होतं. तासभर बसलो, लहान मुलांत कसा वागतो ते बघितलं, पायऱ्या चढवून बघितल्या. मोठं झालेलं कुत्रं घेण्यात हा फायदा, की ते कसं निघालं ते दिसतं. पिल्लात फक्त डोळे दिसतात. तिने घरी जाऊन दोन दिवस विचार केला. रोज सकाळी मुलगा फिरवणार, असं त्याच्याकडून आजीसमोर कबूल करून घेतलं आणि मग आणला. एक रुपया दिला नाही. नाव त्यांनी 'रॉकी' ठेवलेलं होतं, तेच चालू आहे, फक्त तिची सासू 'राखी' म्हणते आणि तो येतो.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. होळी तोंडावर आली आहे, ऊन तापायला लागलं आहे. पडवीत दोन्ही बाजूंनी वारा येईल अशी जागा करून रॉकीसाठी गोणपाट टाकलं आहे, वर पत्र्यावर कडब्याच्या पेंढ्या पसरल्या आहेत. पाण्याचं भांडं उपडं पडू नये म्हणून जुना दगडी उखळ वापरला आहे. शेळी पलीकडे बांधलेली. मी गेल्यावर तो आधी भुंकला, मग येऊन माझ्या चपला हुंगून पायाशी बसला. मी थोडा वेळ तशीच बसले. चहा गार झाला.

ज्यांच्या घरी आत्ता असं कुत्रं आहे त्यांनी या आठवड्यात रेबीजच्या लसीची तारीख कार्डावर बघून घ्या. कार्ड सापडत नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. तुमचे प्रश्न केंद्रावर चिठ्ठीने पाठवा किंवा गटाच्या बैठकीत ताईकडे द्या. पुढच्या बुधवारी याच वेळी आपण उन्हाळी पापड-कुरडयांच्या ऑर्डरचा हिशेब कसा लिहायचा ते बघू.